बिंदूभोवतीची गाठ

बहुपदी समीकरणाने जो आकार ठरतो तो जवळजवळ सगळीकडे गुळगुळीत असतो. त्यावरचा कोणताही बिंदू घ्यावा आणि त्याच्याभोवतीचा लहानसा तुकडा मोठा करून पाहावा. वक्र असेल तर तो सरळ रेषेसारखा दिसू लागतो, पृष्ठभाग असेल तर प्रतलासारखा. मोजक्या बिंदूंपाशी मात्र कितीही जवळ गेले तरी हा सपाटपणा येत नाही. तिथे वक्र स्वतःलाच छेदतो, किंवा त्याला टोक येते, किंवा पृष्ठभागावर शंकूचा शिरोबिंदू तयार होतो. अशा बिंदूंना सिंग्युलर बिंदू म्हणतात. ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे. बहुपदीचे प्रत्येक चलाच्या संदर्भात आंशिक विकलन करावे. ज्या बिंदूवर बहुपदी आणि तिची सगळी आंशिक विकलजे एकाच वेळी शून्य होतात, तो बिंदू सिंग्युलर.

या बिंदूंमध्येही प्रकार असतात, आणि ते टोपोलॉजीला नेहमी ओळखू येतात असे नाही. हुबळी जंक्शनचे यार्ड डोळ्यांसमोर आणावे. धारवाड-लोंढ्याकडचा, गदगकडचा आणि हावेरी-दावणगेरेकडचा मार्ग इथे एकत्र येतात. अशा मोठ्या यार्डांत रूळ दोन तऱ्हांनी भेटतात. एक रूळ दुसऱ्याला आडवा कापून जातो, ते क्रॉसिंग. सांध्यापाशी मात्र दोन मार्ग आधी एकाच दिशेने धावतात आणि मग हळूहळू फाटतात. म्हणून तर सांधा बदलला की गाडी फारसा धक्का न बसता दुसऱ्या मार्गाला लागते. बीजगणितात पहिल्या भेटीचे समीकरण क्ष × य = ० असे आहे; दोन अक्ष एकमेकांना छेदतात. दुसरीचे साधे रूप म्हणजे ‘यचा वर्ग = क्षचा चौथा घात’. यात एक वर उघडणारा आणि एक खाली उघडणारा असे दोन अन्वस्त एकमेकांना शून्यबिंदूवर स्पर्श करतात. पहिल्या बिंदूला नोड म्हणतात, दुसऱ्याला टॅकनोड.

टोपोलॉजी लांबी, कोन किंवा वक्रता मोजत नाही. आकार न तोडता आणि न चिकटवता ताणला-वाकवला तर जे गुण टिकतात, तेवढेच तिच्या हिशेबात येतात. त्या दृष्टीने कागदावर काढलेले नोड आणि टॅकनोड सारखेच आहेत: एका बिंदूतून निघणाऱ्या चार शाखा. कोनातला फरक ताणून पुसून टाकता येतो. म्हणजे बीजगणिताला जो भेद स्पष्ट दिसतो तो या चित्रात हरवतो. चलांना वास्तव संख्यांऐवजी संमिश्र संख्यांची मूल्ये घेऊ दिली की तो परत सापडतो, आणि सापडतो तो मोजता येईल अशा रूपात.

संमिश्र संख्येला वास्तव व काल्पनिक असे दोन घटक असतात. म्हणून दोन संमिश्र चलांच्या अवकाशाला चार वास्तव मिती असतात, आणि त्यातला ‘वक्र’ खरे तर दोन मितींचा पृष्ठभाग असतो. चार मिती डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यावर एक जुना उपाय आहे. सिंग्युलर बिंदू केंद्र मानून अगदी लहान त्रिज्येचा गोल घ्यायचा. चार मितींच्या अवकाशातल्या या गोलाला तीन मिती असतात. तो वक्राला जिथे छेदतो तिथे बंद वळसे मिळतात. या छेदाला त्या बिंदूची लिंक म्हणतात. त्रिज्या पुरेशी लहान असेल तर ती आणखी कमी केल्याने लिंकचा प्रकार बदलत नाही, आणि गोलाच्या आतला वक्र म्हणजे लिंकवरच्या प्रत्येक बिंदूपासून केंद्राकडे जाणारा शंकू असतो. याचा अर्थ असा की बिंदूपाशी टोपोलॉजीच्या दृष्टीने जे काही घडते, ते सगळे लिंक त्या गोलात कशी बसली आहे यात साठवलेले असते.

नोडची लिंक म्हणजे दोन वर्तुळे, प्रत्येक अक्षाचे एक. ती सुटी नसतात. साखळीच्या लगतच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत एकदा अडकलेली असतात. टॅकनोडची लिंकही दोन वळशांचीच, पण ते एकमेकांत दोनदा अडकलेले असतात. दोन अन्वस्तांचा स्पर्श बीजगणितात दोन छेदबिंदूंइतका मोजला जातो, आणि तोच आकडा इथे गुंतण्याच्या संख्येत उतरतो. वास्तव चित्रात पुसला गेलेला भेद असा पूर्णांक होऊन समोर येतो.

टोक असलेल्या वक्राचे उदाहरण याहून सुंदर आहे. ‘क्षचा वर्ग = यचा घन’ हे समीकरण घ्यावे. वास्तव प्रतलात या वक्राला शून्यबिंदूवर अणकुचीदार टोक असते. त्याला कस्प म्हणतात. त्यावरचे सगळे बिंदू एकाच प्राचलाने मांडता येतात: क्ष म्हणजे तचा घन आणि य म्हणजे तचा वर्ग. लहान गोलावर राहायचे असेल तर तची लांबी ठरून जाते. मोकळा राहतो तो फक्त तचा कोन. हा कोन एक पूर्ण फेरी घेतो तेव्हा क्षचा कोन तीन फेऱ्या घेतो आणि यचा दोन. क्ष आणि य यांच्या लांबी स्थिर असल्याने हा सगळा प्रवास एका टोरसवर, म्हणजे दोन स्वतंत्र वर्तुळाकार दिशा असलेल्या पृष्ठभागावर चालतो: एका दिशेने तीनदा, दुसऱ्या दिशेने दोनदा. अशा तऱ्हेने जो बंद वळसा तयार होतो ती त्रिदल गाठ, न सुटणाऱ्या गाठींमधली सर्वांत साधी. कागदावरच्या एका टोकात गाठ दडलेली असते, आणि ती शोधायला कोन मोजण्यापलीकडे काही लागत नाही.

हा शोध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. कार्ल ब्राउनर यांनी १९२८ मध्ये संमिश्र वक्रांच्या सिंग्युलर बिंदूंभोवतीच्या गाठींचे वर्णन केले; पुढच्या चार वर्षांत एरिख केलर, ऑस्कर झारिस्की आणि वेर्नर बुराऊ यांनी ते पुरे केले. त्यांच्या कामाचा पाया मात्र खूप जुना होता. न्यूटनने १६७६ च्या पत्रात आणि नंतर प्युसो यांनी १८५० मध्ये दाखवले होते की सिंग्युलर बिंदूपाशी य हे क्षच्या अपूर्णांक घातांच्या श्रेणीत लिहिता येते. उदाहरणार्थ, य = क्षचा ३/२ वा घात + क्षचा ७/४ वा घात. पहिल्या पदातून त्रिदल गाठ मिळते, कारण तो कस्पच आहे. दुसरे पद अतिशय लहान असते, पण ते त्या गाठीच्या दोरीला दुहेरी करते आणि दुहेरी दोरी मूळ दोरीभोवती गुंडाळते. म्हणजे गाठीवर गाठ. श्रेणीत पुढे आणखी पदे घातली आणि त्यांनी घातांचा छेद वाढवला नाही, तर गाठ बदलत नाही. अनंत श्रेणीतले मोजकेच घात टोपोलॉजी ठरवतात. त्यांना वैशिष्ट्यदर्शक घात म्हणतात.

वक्रांचे चित्र १९३२ पर्यंत असे पुरे झाले. चलांची संख्या वाढली की प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. तीन संमिश्र चलांतले एक समीकरण दोन संमिश्र मितींचा पृष्ठभाग देते. त्याची लिंक तीन मितींची असते. तिला नुसती गाठ म्हणून भागत नाही, ती स्वतःच एक अवकाश असते. ‘क्षचा वर्ग + यचा घन + झचा पाचवा घात = ०’ या पृष्ठभागाची लिंक म्हणजे पोआंकारे यांनी १९०४ मध्ये रचलेला प्रसिद्ध अवकाश. होमॉलॉजीच्या, म्हणजे भोके मोजण्याच्या, कसोट्यांवर तो तीन मितींच्या गोलाशी तंतोतंत जुळतो, पण तो गोल नाही: त्यातले सगळे वळसे आकुंचित होऊन बिंदू होत नाहीत, आणि वळशांचे प्रकार मोजणाऱ्या त्याच्या मूलभूत गटात १२० घटक असतात. पोआंकारे यांनी तो वेगळ्याच हेतूने बांधला होता. तोच एका साध्या समीकरणाच्या सिंग्युलर बिंदूभोवती बसलेला असावा, ही या विषयातली पहिली मोठी आश्चर्याची गोष्ट.

डेव्हिड मम्फर्ड यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले की हे उदाहरण अपवाद नाही. संमिश्र पृष्ठभागावरच्या नॉर्मल बिंदूची लिंक जर अशी असेल की तिच्यातला प्रत्येक वळसा बिंदूपर्यंत आकुंचित होतो, तर तो बिंदू सिंग्युलर असूच शकत नाही, तो गुळगुळीतच असतो. पृष्ठभागांच्या बाबतीत टोपोलॉजी सिंग्युलर बिंदूला लपू देत नाही. मितींची संख्या एकाने वाढवली की हे खोटे ठरते. चार चलांतले ‘तीन वर्ग + एक घन = ०’ हे समीकरण घेतले तर त्याची लिंक पाच मितींचा साधा गोल निघते. बिंदू सिंग्युलर आहे, विकलजे सगळी शून्य आहेत, आणि तरी नुसत्या टोपोलॉजीला तिथे काहीच वावगे दिसत नाही.

एग्बर्ट ब्रीस्कॉर्न यांनी १९६६ च्या सुमारास या वाटेवर जे शोधून काढले त्याने टोपोलॉजीचे जाणकारही चकित झाले. जॉन मिल्नर यांनी १९५६ मध्ये दाखवले होते की सात मितींचे असे अवकाश असतात जे ताणून-वाकवून गोलाचे रूप घेतात, पण कलनशास्त्राच्या दृष्टीने गोलाशी एकरूप होत नाहीत. केर्व्हेर आणि मिल्नर यांनी १९६३ मध्ये मोजले की सात मितींच्या गोलावर अशा एकूण २८ रचना आहेत, दिशा लक्षात घेऊन आणि नेहमीचा गोल धरून. ब्रीस्कॉर्न यांनी या सगळ्या रचना एकाच साच्यातल्या समीकरणांतून काढून दाखवल्या. पाच चले घ्यावीत. पहिल्या तिघांचे वर्ग, चौथ्याचा घन आणि पाचव्याचा ५ वा, ११ वा, १७ वा असा सहा-सहाने वाढणारा घात यांची बेरीज शून्य लिहावी. घात ५ पासून १६७ पर्यंत नेला की २८ समीकरणे होतात, आणि त्यांच्या लिंकमध्ये २८ च्या २८ रचना येतात. अमूर्त पद्धतीने रचलेल्या वस्तू अशा एका ओळीच्या समीकरणात सापडणे गणितात फार वेळा घडत नाही.

या सगळ्याला एका चौकटीत बसवणारे पुस्तक मिल्नर यांनीच १९६८ मध्ये लिहिले. ‘सिंग्युलर पॉइंट्स ऑफ कॉम्प्लेक्स हायपरसरफेसेस’ हे प्रिन्स्टनच्या अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स स्टडीज मालेतले ६१ वे पुस्तक, जेमतेम सव्वाशे पानांचे. इतक्या थोड्या पानांत इतके करून दाखवणारी पुस्तके विरळा. त्याचा गाभा एका प्रमेयात आहे. लिंक सोडून गोलावरच्या इतर प्रत्येक बिंदूवर बहुपदीचे मूल्य शून्येतर संमिश्र संख्या असते, म्हणून त्याला एक कोन असतो. ज्या बिंदूंवर हा कोन सारखा येतो ते सगळे एकत्र घ्यावेत. त्यांचा एक फायबर होतो. मिल्नर यांनी दाखवले की सगळे फायबर एकसारखे असतात. कोन ० पासून ३६० अंशांपर्यंत फिरवला की एकामागून एक फायबर गोलाचा लिंकबाहेरचा सगळा भाग व्यापत जातात, आणि बिंदू एकाकी असेल, म्हणजे जवळपास दुसरा सिंग्युलर बिंदू नसेल, तर प्रत्येक फायबरची कड लिंकवर येऊन टेकते.

फायबरकडे दुसऱ्या बाजूनेही जाता येते. ‘बहुपदी = ०’ ऐवजी ‘बहुपदी = अगदी लहान संख्या’ लिहिले की सिंग्युलर बिंदू नाहीसा होतो आणि त्याच्या जागी गुळगुळीत तुकडा येतो. हा तुकडा म्हणजेच फायबर. नोडवर हे सरळ दिसते. क्ष × य = ० ऐवजी क्ष × य = एक लहान संख्या घ्यावी. क्षला शून्य सोडून कोणतेही मूल्य देता येते आणि मग य आपोआप ठरतो. लहान गोलाच्या आत पाहिले तर दोन कडा असलेला एक वलयाकार पट्टा मिळतो. उजवीकडची संख्या शून्याकडे नेली की पट्ट्याच्या मध्यावरचे वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी नोडमध्ये विरून जाते. सिंग्युलर बिंदू म्हणजे इथे एक आटलेले वर्तुळ. कस्पमध्ये दोन वर्तुळे आटतात आणि टॅकनोडमध्ये तीन. कस्पचा फायबर एक भोक पाडलेला टोरस असतो, टॅकनोडचा दोन भोके पाडलेला.

सर्वसाधारण नियम मिल्नर यांनी असा दिला: सिंग्युलर बिंदू एकाकी असेल तर फायबर ताणून-आकसून एका बिंदूत जुळलेल्या काही गोलांइतका करता येतो. वक्रांसाठी हे गोल म्हणजे वर्तुळे. दोन संमिश्र मितींच्या पृष्ठभागासाठी नेहमीचे द्विमितीय गोल. आणि याच क्रमाने पुढे. गोलांची ही संख्या म्हणजे मिल्नर संख्या. ग्रीक म्यू या अक्षराने ती लिहिली जाते.

म्यूची खरी ताकद अशी की ती काढायला टोपोलॉजी लागतच नाही. बहुपदीची आंशिक विकलजे घ्यावीत आणि ती शून्य मानावीत; त्यानंतर स्वतंत्र एकपदी किती उरतात ते मोजावे. नोडची विकलजे य आणि क्ष. दोन्ही शून्य मानली की फक्त १ उरतो, म्यू १. कस्पसाठी विकलजे स्थिरांक सोडून क्ष आणि यचा वर्ग. उरतात १ आणि य, म्यू २. टॅकनोडसाठी य आणि क्षचा घन. उरतात १, क्ष, क्षचा वर्ग, म्यू ३. वर आटणाऱ्या वर्तुळांचे जे आकडे आले तेच हे. तिसरी वाटही आहे: बहुपदीला किंचित धक्का द्यावा, तिच्यात एक लहान रेषीय पद मिसळावे. मग एका बिकट क्रांतिक बिंदूचे (जिथे सगळी विकलजे शून्य होतात) साध्या क्रांतिक बिंदूंत विघटन होते, आणि त्यांची संख्या पुन्हा म्यूच येते. ब्रीस्कॉर्न यांच्या साच्यातल्या बहुपदींसाठी तर तोंडी हिशेब होतो: प्रत्येक घातातून एक वजा करून गुणाकार करायचा. पोआंकारे यांचा अवकाश देणाऱ्या पृष्ठभागासाठी १ × २ × ४, म्हणजे ८. वर आलेल्या ‘गाठीवर गाठ’ वक्रासाठी हा साचा चालत नाही. तिथे म्यू १६ येते.

फायबर एकसारखे असले तरी कोन पूर्ण फेरी घेऊन आला की फायबर स्वतःवर जसाच्या तसा परतत नाही. त्याचे बिंदू जागा बदलून बसतात. या बदलाला मोनोड्रॉमी म्हणतात. नोडमध्ये वलयाकार पट्ट्याला एक पूर्ण पीळ पडतो. कस्पमध्ये दोन वर्तुळे अशी फिरतात की सहा फेऱ्यांनंतर होमॉलॉजीच्या पातळीवर सगळे मूळ जागी येते. मोनोड्रॉमीच्या आयगेन मूल्यांवर एक मोठे बंधन आहे, ती सगळी एकाची मुळे असतात. लिंक टोपोलॉजीच्या दृष्टीने गोल आहे की नाही, हेही वरच्या मितींमध्ये याच मूल्यांवरून ठरते. ‘तीन वर्ग + एक घन’ची लिंक गोल निघते ती या हिशेबानेच.

टोपोलॉजीची ही वाट संमिश्र संख्यांवर उभी आहे. तिथून निघून ज्या संख्याव्यवस्थेत एखादी मूळसंख्या शून्याइतकी मानली जाते (त्या मूळसंख्येला व्यवस्थेचा लक्षणांक म्हणतात) तिथे गेले की गोल, कोन, लिंक सगळे हातातून निसटते. विकलजेही दगा देतात. जिथे ३ म्हणजे शून्य, तिथे यच्या घनाचे विकलज शून्य होते. कस्पसाठी उरणाऱ्या एकपदी १, य, यचा वर्ग, यचा घन अशा संपतच नाहीत आणि म्यू अनंत होते. अशा प्रदेशात सिंग्युलर बिंदूंशी झुंजणारा गणिती म्हणजे श्रीराम शंकर अभ्यंकर. त्यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैनचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि झारिस्की यांचे विद्यार्थी झाले. सिंग्युलर बिंदू काढून टाकण्याचे जे काम झारिस्की यांना शून्य लक्षणांकात, म्हणजे कोणतीही मूळसंख्या शून्य न होणाऱ्या व्यवस्थेत, साधले होते ते धन लक्षणांकात पृष्ठभागांसाठी अभ्यंकर यांनी प्रबंधात सिद्ध केले, आणि १९५६ मध्ये ते छापून आले. १९६६ पर्यंत त्यांनी लक्षणांक पाचाहून मोठा असताना तीन मितींपर्यंत मजल मारली. शून्य लक्षणांकात सर्व मितींचा प्रश्न हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सोडवला होता; धन लक्षणांकात मात्र अभ्यंकर यांची वाट खूप काळ एकट्याची राहिली.

या वाटेला सिंग्युलर बिंदूंचे निराकरण म्हणतात. कस्पवर ते एका पायरीत होते. क्षच्या जागी य × उ लिहावे; समीकरण ‘यचा वर्ग × उचा वर्ग = यचा घन’ होते, आणि दोन्हीकडून यचा वर्ग काढला की ‘उचा वर्ग = य’ हा गुळगुळीत अन्वस्त उरतो. टोक गेले. वरच्या मितींमध्ये एका पायरीने भागत नाही, आणि पायऱ्या संपतील याचीच खात्री द्यावी लागते. खरी अडचण तिथे असते. अभ्यंकर यांनी प्युसो यांच्या वैशिष्ट्यदर्शक घातांवरही खोल काम केले. त्यावर १९६७ मध्ये त्यांचा निबंध आला, आणि १९७५ चे अभ्यंकर-मोह प्रमेय याच साधनावर उभे आहे. हायस्कूलच्या बीजगणितातली हातोटी मोठ्या यंत्रणांपेक्षा दूरवर नेते, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्या कामातून तो पटतोही. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

टोपोलॉजीच्या बाजूचे भारतातले काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. चक्रवर्ती पद्मनाभन रामानुजम १९५७ मध्ये तिथे दाखल झाले. श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांचे नाव जुळते, पण हे वेगळे. ते मूळचे मद्रासचे, जन्म १९३८. सुरुवात त्यांनी संख्या-सिद्धांतातल्या वेअरिंग प्रश्नापासून केली आणि मग बैजिक भूमितीकडे वळले. मम्फर्ड यांनी १९६७-६८ मध्ये संस्थेत दिलेल्या व्याख्यानांतून ‘अबेलियन व्हरायटीज’ हा ग्रंथ आकाराला आला. त्या लेखनात रामानुजम यांचा मोठा हात होता. मम्फर्ड यांच्या १९६१ च्या कल्पनेचा प्रतिध्वनी रामानुजम यांच्या १९७१ च्या निबंधात ऐकू येतो. त्यात एखादा संमिश्र पृष्ठभाग दोन संमिश्र मितींचे प्रतल आहे की नाही हे ओळखण्याची टोपोलॉजिकल कसोटी दिली आहे. पृष्ठभाग आकुंचित होऊन बिंदू होतो एवढे पुरेसे नाही, अनंताकडच्या कडेवरचे वळसेही आकुंचित व्हायला हवेत. ही दुसरी अट सोडली तर काय होते, याचे उदाहरण त्यांनी कस्प असलेल्या घन वक्रातून आणि एका शांकवातून रचले. अशा पृष्ठभागांचा अभ्यास पुढे मुंबईतच राजेंद्र गुर्जर आणि अनंत शास्त्री यांनी चालवला.

म्यूसंबंधीचा रामानुजम यांचा निबंध ले डुंग ट्रांग या व्हिएतनामी-फ्रेंच गणितीबरोबरचा आहे. प्रश्न असा: सिंग्युलर बिंदू हळूहळू बदलत नेला आणि वाटेत म्यू बदलली नाही, तर टोपोलॉजीही बदलत नाही का? एका बिंदूतून जाणाऱ्या चार रेषा घ्याव्यात. चौथ्या रेषेचा उतार बदलला की चौघींचे तिर्यक गुणोत्तर बदलते, आणि बीजगणिताच्या दृष्टीने आधीचा व नंतरचा बिंदू वेगळे ठरतात. म्यू मात्र सतत ९ राहते, आणि लिंक म्हणजे तीच एकमेकांत एकेकदा अडकलेली चार वर्तुळे. उलट कस्पच्या समीकरणात यच्या वर्गाचे लहानसे पद मिसळले की कस्पचा नोड होतो. म्यू २ वरून १ वर उतरते आणि त्रिदल गाठ जाऊन दोन वर्तुळे येतात. ले आणि रामानुजम यांनी दाखवले की एकाकी सिंग्युलर बिंदूंच्या अशा कुटुंबात म्यू स्थिर असेल तर टोपोलॉजिकल प्रकार स्थिर राहतो, फक्त दोन संमिश्र मितींचे पृष्ठभाग वगळून. निबंध १९७६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आला. रामानुजम यांनी तो छापलेला पाहिला नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, बंगळुरात त्यांचा मृत्यू झाला होता.

सिद्धतेची कल्पना अशी. मूळ बिंदूभोवती एक गोल घ्यावा आणि बदललेल्या बिंदूभोवती त्याच्या आत एक आणखी लहान गोल. लहान गोलातला फायबर मोठ्या गोलातल्या फायबरच्या आत बसतो, आणि म्यू स्थिर असल्याने दोघांत गोलांची संख्या सारखी असते. मग दोहोंच्या मधल्या पट्ट्यात टोपोलॉजीला नवे काही सापडायला नको. पट्टा खरोखर निर्विकार आहे हे ठरवण्याचे हत्यार म्हणजे स्मेल यांचे एच-कोबॉर्डिझम प्रमेय, आणि ते सहा किंवा अधिक वास्तव मितींच्या पट्ट्यावरच चालते. तीन संमिश्र मितींपासून पुढे पट्ट्याला तितक्या मिती असतात. वक्रांच्या बाबतीत पट्टा दोन मितींचा, तिथे सरळ हाताने काम होते. पृष्ठभागांसाठी तो चार मितींचा असतो. हत्यार तिथे चालत नाही, आणि त्यात भर म्हणजे मम्फर्ड यांच्या प्रमेयामुळे सिंग्युलर बिंदूच्या लिंकमध्ये आकुंचित न होणारे वळसे हमखास असतात. वगळलेला प्रसंग म्हणजे त्या दोन गणितींचा आळस नव्हे. चार मितींतली टोपोलॉजीच अशी अवघड आहे.

झारिस्की यांनी १९७१ मध्ये विचारलेला प्रश्न याच्या शेजारचा आहे. सिंग्युलर बिंदूपाशी बहुपदीतल्या सर्वांत लहान घाताच्या पदाचा घात, म्हणजे बिंदूची बहुलता, टोपोलॉजीवरून ठरते का? नोड, कस्प आणि टॅकनोड या तिघांची बहुलता २ आहे, ‘गाठीवर गाठ’ वक्राची ४. वक्रांसाठी उत्तर होकारार्थी आहे हे झारिस्की यांनाच १९३२ पासून ठाऊक होते. म्यू स्थिर असलेल्या कुटुंबांसाठी उत्तर मिळायला अर्धशतक लागले: हावियर फर्नांडेझ दे बोबादिया आणि टोमाश पेल्का यांनी सिम्प्लेक्टिक भूमितीच्या साधनांनी ते सिद्ध केले आणि २०२४ मध्ये ते अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये प्रसिद्ध झाले. ही सिद्धता पृष्ठभागांनाही लागू आहे. कुटुंबाचा आधार काढून घेतला, आणि टोपोलॉजी सारखी असलेल्या दोन सुट्या बहुपदींची बहुलता सारखीच असते का असे विचारले, तर पृष्ठभागांपासून पुढे तो प्रश्न अजून सुटलेला नाही.